चार हिवाळी चाकांचा निकाल

नीउ-व्हेनेप
मंगळवार, १६ डिसेंबर

चि. सौ. भार्गवी हिस,
आशीर्वाद.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. तुझ्या विजेच्या गाडीला हिवाळी टायर आणि त्यांची वेगळी चाके घेण्याची गरज नाही, असा जो निकाल मी २ नोव्हेंबरला दिला, तो माझ्यासमोर आलेल्या पुराव्यावर योग्य होता. आणि ११ डिसेंबरच्या सकाळी डेन बॉशजवळ गाडी घसरून तुला जो अपघात झाला, त्याची जबाबदारी त्या निकालावर येत नाही.

फोन तू उचलत नाहीस. उचलावास असा आग्रह नाही. सत्तावीस वर्षे दिवाणी न्यायालयात काढल्यामुळे माझा बोलण्यापेक्षा लिहिण्यावर अधिक भरवसा आहे, आणि लिहिलेले तुला सवडीने वाचता येईल. तू आइंडहोवनला तुझ्या ऑफिसातल्या संपदाकडे राहते आहेस आणि उजवे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहणार आहे, एवढे राजसकडून कळले. तू घरी केव्हा येणार, हे मी विचारत नाही. केवळ नोंद म्हणून लिहिते की माझ्या व्हिसाचा नव्वदावा दिवस ८ जानेवारी हा आहे आणि माझे विमान त्याच दिवशी दुपारी आहे.

आता वस्तुस्थिती. तुम्हा नवराबायकोचे वाद जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे चालवण्याची रीत तूच सुरू केलीस. तीन वर्षांपूर्वी मी प्रथम इथे आले तेव्हा कुकर कोणी घासायचा यावरून तुमचे दोन दिवस बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवशी तू माझ्यापुढे खुर्ची ओढून बसलीस आणि म्हणालीस, "आई, निवृत्त झालात म्हणून काय झालं? आमचा खटला चालवा ना." नियमही तूच घातलेस: प्रत्येकाला पंधरा मिनिटे, मध्ये बोलायचे नाही, निकाल लेखी, निकालाची प्रत फ्रिजवर, आणि अपील नाही. आजवर सहा निकाल झाले. त्यांपैकी चार तुझ्या बाजूने गेले. राजस दर वेळी म्हणतो, "आई, तू सुनेला फितूर आहेस." हे मी अशासाठी सांगते की, पक्षपाताचा आरोप माझ्यावर झालाच तर तो आजवर उलट दिशेने झालेला आहे.

सातवी सुनावणी टायरांची. रविवार होता, तू भजी केली होतीस. तू फाइल घेऊन उभी राहिलीस आणि आरंभीच म्हणालीस, "आई, प्रतिवादी पक्ष माझ्या ताटातली भजी खातोय, नोंद घ्या." मी नोंद घेतली आणि भजी परत करण्याचा अंतरिम आदेश दिला. राजसने तो मानला नाही.

मग तू तुझी बाजू मांडलीस. हवा सात अंशांच्या खाली गेली की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि रस्ता धरत नाही. बॅटरीमुळे तुझी गाडी दोन टनांची आहे. ती एकदा घसरली की थांबायला वेळ घेते. शिवाय विजेच्या गाडीत पेडलवरून पाय उचलला की गाडी आपोआप थांबू लागते, आणि निसरड्या वळणावर नेमके तेच मागच्या चाकांचा घात करते. म्हणून हिवाळ्यापुरती वेगळी चाके, त्यांवर हिवाळी टायर; ऑक्टोबरात चढवायची, एप्रिलमध्ये उतरवायची. राजसचे म्हणणे थोडके होते. "इथला, हॉलंडचा कायदा हिवाळी टायर मागत नाही, जर्मनीचा मागतो. आपण जर्मनीत राहतो का? वर्षातून बर्फ पडतो किती दिवस? आणि काढलेली चार चाकं ठेवायची कुठे, सायकलींच्या डोक्यावर?" त्यावर तू म्हणालीस, "कायदा छत्रीही मागत नाही, राजस. तरी तू रोज नेतोस." मी हसले होते, हे मान्य करते.

निकालाची दोन कलमे होती. पहिले: हिवाळी टायर व चाके घेऊ नयेत. दुसरे: ज्या दिवशी निसरड्या रस्त्यांचा इशारा असेल त्या दिवशी गाडी काढू नये, ट्रेनने जावे. तू कागद वाचलास, फाइल मिटलीस आणि म्हणालीस, "मान्य. अपील नाही." ११ डिसेंबरला इशारा होता आणि गाडी निघाली होती. म्हणजे भंग दुसऱ्या कलमाचा झाला. ज्या निकालाचे एक कलम पाळले गेले नाही, त्या निकालाला परिणामासाठी जबाबदार धरता येत नाही.

मी त्या टेबलाशी कोणताही पूर्वग्रह न ठेवता बसले होते, हेही इथे नमूद करते.

हाताला पाणी लागू देऊ नकोस.

सुनेत्रा निजसुरे
दिवाणी न्यायाधीश, निवृत्त


नीउ-व्हेनेप
शनिवार, २० डिसेंबर

चि. सौ. भार्गवी हिस,
आशीर्वाद.

पहिले पत्र तुला बुधवारीच मिळाल्याचे संपदाने राजसला कळवले. उत्तर आलेले नाही. जो पक्ष हजर राहत नाही त्याचे म्हणणे त्याच्या वतीने आपणच तपासून पाहावे, अशी माझी जुनी शिस्त आहे. ती मी इथे पाळली आणि त्यात माझे एक विधान टिकले नाही.

मी राजसच्या फोनवर त्या दिवसाच्या इशाऱ्याची वेळ पाहिली. इशारा सहा वाजून दहा मिनिटांनी आला. तू नेहमीप्रमाणे पावणेसहाला निघालीस. इशारा आला तेव्हा तू महामार्गावर होतीस. जो इशारा आलाच नव्हता तो तू मोडलास, असे म्हणता येत नाही. सबब दुसऱ्या कलमाच्या भंगाचा मुद्दा मी मागे घेते. निकाल योग्य होता, ही मुख्य प्रतिज्ञा कायम आहे.

तुझी फाइल मला निकालांच्या खणात सापडली. चार पाने आहेत. त्या दिवशी मी पहिले पान वाचले होते आणि पुढचे तू तोंडी सांगते आहेस असे गृहीत धरले होते. आज दुसरे आणि तिसरे वाचले. दुसऱ्यावर ट्रेनच्या वेळा आहेत. तुला पाळी साडेसातला हातात घ्यावी लागते आणि इथून पहिली गाडी पकडली तरी तू पावणेआठच्या आत पोहोचत नाहीस, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे माझे दुसरे कलम तुला पाळता येण्याजोगे नव्हते. तिसऱ्या पानावर नऊ सकाळींचे तापमान आहे, गाडीच्या पडद्यावर पाहून तू स्वतःच्या हाताने लिहिलेले. नऊपैकी सहा सकाळी सात अंशांच्या खाली आहेत. त्या महिन्यात मी या घरातच होते. तू निघायचीस तेव्हा मला दाराचा आवाज ऐकू यायचा आणि मी कूस बदलायचे.

गाडी परवा दुरुस्त होऊन आली. डावीकडचे दार नवीन आहे, पुढचा भाग नवीन आहे, चार टायर तेच आहेत. ती घरासमोर उभी आहे आणि राजस तिला हात लावत नाही. तो बसने जातो. काल मी त्याला म्हटले, "निदान आता तरी टायर बदलून घे. ती येईल तेव्हा गाडी तयार असू दे."

तो म्हणाला, "कशाला? विकून टाकू. मी तुला आधीच म्हणालो होतो, हिवाळ्यात ही गाडी बंद राहिलेलीच बरी."

तो हे आधी केव्हा म्हणाला, ही बाब या पत्राच्या विषयाबाहेरची आहे. वरचे वाक्य मी लिहायला नको होते. परंतु लिहिलेल्या कागदावर खाडाखोड करण्याची मला सवय नाही, म्हणून ते राहू देते.

चौथे पान अजून वाचलेले नाही. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.

सुनेत्रा निजसुरे
दिवाणी न्यायाधीश, निवृत्त


नीउ-व्हेनेप
सोमवार, २९ डिसेंबर

चि. सौ. भार्गवी हिस,
आशीर्वाद.

आज मी एकटीने बसने शेजारच्या हूफ्डॉर्पला जाऊन आले. कामाचे स्वरूप ऐकून तुला हसू येईल. हसायला हरकत नाही. मी टायरांच्या गॅरेजात गेले होते.

उंच, साठीचा माणूस. इंग्रजी उत्तम बोलतो, हात धुतलेले तरी काळेच. मी त्याला गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. त्याने तो संगणकात घातला आणि तुझी गाडी वजनासकट पडद्यावर आली. "दोन टन," तो म्हणाला, "म्हणजे कुठलाही टायर चालणार नाही. हे वजन पेलणारा हवा." त्याने एक टायर आडवा करून त्याच्या बाजूवरची खूण मला बोटाने दाखवली: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाचा कण. ही खूण नसेल तर विकणारा काहीही म्हणो, तो हिवाळी टायर नव्हे. तुझ्या पहिल्या पानावर ती खूण तू काढली आहेस. मला ती नक्षी वाटली होती.

मग त्याने विचारले, "कोण चालवतं?"

"माझी सून."

"कुठून कुठे?"

"इथून आइंडहोवन. आठवड्यातून तीन दिवस."

"किती वाजता निघते?"

"पहाटे पावणेसहाला."

त्याने टंकलेखन थांबवले. "आणि आत्ता गाडीवर कोणते टायर आहेत?"

"उन्हाळी."

"डिसेंबरात? मॅडम, तिला कुणी सांगितलं, चालतील म्हणून?"

"मी सांगितलं," मी म्हणाले.

त्याने मला यंत्रातून कॉफी काढून दिली आणि बसायला टायरांच्या चळतीशेजारची खुर्ची पुढे केली.

भार्गवी, कोण, कुठे, केव्हा हे तीन प्रश्न मी प्रत्येक साक्षीदाराला सर्वांत आधी विचारत आले. चुलतभावांच्या बांधाच्या भांडणातही विचारले. २ नोव्हेंबरला त्यांतला एकही विचारला नाही. मी टायरांचा विचार केला, कायद्याचा केला, बर्फाच्या दिवसांचा केला. त्या टायरांवर कोण बसून जाते, हे माझ्या टिपणात कुठेही नाही. टिपण समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

पुढे निवडीचा प्रश्न आला. गाडीवर आता एकोणीस इंची चाके आहेत. तो म्हणाला, हिवाळ्याला अठरा इंची बरी. रबराची भिंत उंच राहते, खड्ड्यात रिम वाचते, बॅटरीही थोडी अधिक पुरते. "पण ब्रेकवरून बसतात का ते मोजावं लागेल. गाडी घेऊन या."

"गाडी आणता येणार नाही. मला चालवता येत नाही."

"मग सुनेला पाठवा."

"तिचा हात मोडला आहे."

"मग मुलाला."

जी चाके गाडीवर आहेत ती बसतात एवढे तरी निश्चित, या विचाराने मी एकोणीसची मागणी नोंदवली. मी विचारले, ८ जानेवारीच्या आत मिळतील का. पुढच्या आठवड्यात बर्फ सांगितला आहे आणि सगळ्या हॉलंडला टायर आजच आठवले आहेत, असे तो म्हणाला. चाके १२ तारखेला येतील. काढलेली उन्हाळी चाके ते त्यांच्याकडेच ठेवतात. त्या कोठाराला इथे टायरांचे हॉटेल म्हणतात, हे त्याने अभिमानाने सांगितले. त्या हॉटेलात चाकांना एप्रिलपर्यंत राहता येते. या देशात मला नव्वद दिवसच राहता येते.

"कुणाच्या नावावर लिहू?" त्याने विचारले. मी तुझे नाव दिले. गाडी तिथवर कोण नेणार, हे मला अजून ठाऊक नाही. बस सुटली, म्हणून पुढच्या बसपर्यंत थांब्यावर उभी होते. पाय गार पडले होते एवढेच, काळजी करण्यासारखे काही नाही. तू काळजी करशील असे गृहीत धरणेही आता कदाचित योग्य नाही.

सुनेत्रा निजसुरे


नीउ-व्हेनेप
शनिवार, ३ जानेवारी

चि. सौ. भार्गवी हिस,
आशीर्वाद.

काल दुपारी तुझा संदेश आला. मी तो इथे उतरून घेते, कारण फोनवरच्या अक्षरांवर माझा विश्वास नाही: "आई, एकोणीस नकोत. अठरा. ब्रेकवरून बसतात, मी मोजलं होतं. पान चार."

म्हणजे पत्रे तू वाचतेस. हे कळल्यावर मी वरणाला फोडणी द्यायला विसरले आणि राजसने ते तसेच खाल्ले.

मी पान चार काढले. ब्रेकची आकृती आहे, चार मापे आहेत, अठरा इंची चाक बसवल्यावर मध्ये किती जागा उरते ते मिलिमीटरमध्ये आहे. लगेच गॅरेजात फोन केला. तो म्हणाला, "तिने स्वतः मोजलं? किती भरलं, वाचून दाखवा." मी आकडे वाचले. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "इंजिनिअर आहे का?" मी म्हणाले, आहे. "मग तिलाच विचारायचं ना, मॅडम." मागणी बदलली आहे. चार चाके, अठरा इंची, वजन पेलणारी, डोंगर-हिमाच्या खुणेची. तारीख तीच.

पान चारच्या तळाशी पेन्सिलीने एक ओळ आहे. बाकी सर्व मजकूर छापील किंवा शाईतला. पेन्सिलीची ही एकच. ती तू सुनावणीच्या आधी लिहिलीस की नंतर, हे मला ठाऊक नव्हते. पण मी निकाल दिल्यावर फाइल तुझ्या हातातून थेट खणात गेली आणि खणाची किल्ली माझ्याकडे होती. तेव्हा ती आधीचीच आहे.

"आई, राजसला नको आहे ते टायरमुळे नाही. तुम्ही विचारलंत तर सांगेन."

मी विचारले नाही. तू पंधरा मिनिटे बोललीस, त्यांतली शेवटची दोन शिल्लक ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिलीस, आणि मी घड्याळाकडे पाहून म्हणाले, "संपलं का?" तू म्हणालीस, "हो, संपलं."

प्रतिज्ञेविषयी आज काही लिहीत नाही. खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला आहे. तुझ्या गाडीचे छप्पर पांढरे झाले आहे आणि ती पूर्वी होती तशीच दिसते, दुरुस्त केलेले दार ओळखू येत नाही.

सुनेत्रा निजसुरे


नीउ-व्हेनेप
बुधवार, ७ जानेवारी

भार्गवी,

हे पत्र मी उद्या विमानतळावर जाण्याआधी टाकीन. तुझ्या हाती पडेल तेव्हा मी पुण्यात असेन. तोवर निघून जाता येईल म्हणून आज लिहिते आहे असा अर्थ तू काढलास तर तो सर्वस्वी चुकीचा नसेल. मात्र काल मी प्रत्यक्ष येण्याचा प्रयत्न केला होता.

काल सकाळी मी कोट घालून, तुझी फाइल पिशवीत घेऊन खाली आले. पक्षकाराच्या घरी न्यायाधीशाने जायचे नसते. ते मी जन्मभर पाळले, आणि काल ते मोडायचे ठरवले. राजस स्वयंपाकघरात फोन पाहत होता. ट्रेन बंद होत्या. बस तासाभराने येईल किंवा येणारही नाही, असे त्यात होते. मी म्हणाले, "मग तू गाडी काढ. मला आइंडहोवनला सोड, मी तिच्याशी दहा मिनिटं बोलेन आणि आपण परत येऊ."

त्याने खिडकीतून रस्त्याकडे पाहिले. मग गाडीकडे.

"या टायरांवर?" तो म्हणाला. "वेड लागलंय का तुला, आई?"

मी कोटाची बटणे काढली नाहीत, तशीच खुर्चीवर बसले. त्यालाही आपण काय बोललो ते कळले असावे, कारण त्याने फोन उलटा ठेवला. जो रस्ता सत्तर वर्षांच्या आईला घेऊन त्याला धोक्याचा वाटला, त्याच प्रकारच्या रस्त्यावर, त्याच टायरांवर, आम्ही दोघांनी तुला पाठवले होते. याहून स्पष्ट साक्ष मी कधी ऐकलेली नाही, आणि ती माझ्याच बाजूच्या साक्षीदाराने दिली.

थोड्या वेळाने मी त्याला सांगितले, "एक नोव्हेंबरला आपण कालव्याकाठी फिरायला गेलो होतो, तेव्हा तू जे बोललास ते मी तिला लिहिणार आहे."

तो म्हणाला, "ते मी तुला म्हणून बोललो होतो. तू माझी आई आहेस की तिची वकील?"

"दोघांपैकी कुणाचीच वकील असायचं नव्हतं मी," मी म्हणाले. "तेच चुकलं."

"मला ती घरी हवी होती, आई," तो म्हणाला. "ती पहाटे जाते आणि रात्री येते. जेवताना पेंगते. मला एवढंच हवं होतं." मग त्याने माझ्या पायांतले बूट पाहिले, खाली बसला आणि त्यांचे बंद सोडले, कारण मला वाकता येत नाही. तो वाईट नाही. हे मी त्याच्या बचावासाठी लिहीत नाही. तुला ते माझ्याहून अधिक ठाऊक आहे. त्याने तुझ्याशी स्वतः बोलावे, असे मी त्याला सांगितले. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

तो त्या दिवशी जे बोलला ते असे. "उद्या तू काय ठरवशील ते ती ऐकेल, माझं ऐकत नाही. हिवाळाभर गाडी बंद राहू दे. ट्रेनने दमली की मार्चपर्यंत आपणहून इथे ॲमस्टरडॅमला नोकरी बघेल." एवढे बोलून तो बदकांकडे पाहू लागला. त्याने माझ्याकडे काहीही मागितले नाही. मीही काही कबूल केले नाही, मी म्हणाले, "थंडी वाढली, परत फिरू या." त्या वाक्याच्या आडोशाला मी इतके दिवस उभी होते. होकार दिला नाही म्हणजे ऐकले नाही, असे मी स्वतःला पटवले होते. पण दुसऱ्या दिवशी निकालाचे दुसरे कलम लिहिताना, "ट्रेनने जावे" हे शब्द माझ्या लेखणीत आले, आणि ते कुणाचे आहेत हे मला लिहितानाच ठाऊक होते.

दोन पक्षांनी नेमलेल्या एका लवादाचा निकाल मी एकदा याच कारणासाठी रद्द केला होता. त्याने दिलेला निकाल गुणदोषांवर बरोबर होता. तरी मी लिहिले होते की, एका पक्षाशी एकट्यात झालेल्या बोलण्यानंतर निकालाचा बरोबरपणा तपासण्याची गरजच उरत नाही. हे वाक्य माझे आहे आणि ते मी विसरले नव्हते. सबब, १६ डिसेंबरच्या पत्रात मी जी प्रतिज्ञा केली ती मी सिद्ध करू शकत नाही. त्याच पत्रातले पूर्वग्रहाविषयीचे विधान खोटे आहे.

सोबत दोन कागद आहेत. एक गॅरेजची पावती. १२ तारखेनंतर चाके तुझ्या नावाने तिथे असतील. तू ती चढवावीस, चढवून आइंडहोवनला जात राहावेस, की त्याच चाकांवर कायमची आइंडहोवनला जावेस, यातले काहीही ठरवणे माझ्याकडे नाही. दुसरा कागद फ्रिजवरून काढलेला निकाल. तो नष्ट करू नकोस. मागच्या बाजूला कोरी जागा होती, तिथे मी पुढील मजकूर लिहिला आहे. इथे त्याची प्रत देते.

"मी, सुनेत्रा श्यामकांत निजसुरे, लिहून देते की दिनांक १ नोव्हेंबर रोजी, सुनावणीच्या आदल्या दिवशी, मी एका पक्षाचे म्हणणे दुसऱ्याच्या पाठीमागे ऐकून घेतले, ते दुसऱ्या पक्षाला सांगितले नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मनात ठेवून निकाल दिला. ज्या पक्षाला सांगितले नाही तो पक्ष भार्गवी. त्या पक्षाने विचारण्याची वाट पाहिली होती. माझी चूक एवढी एकच आहे, आणि ती मी जाणून केली."

सुनेत्रा श्यामकांत निजसुरे